दिवाळीनंतर शाळेत न परतलेली मुले: याला तस्करी म्हणता येईल का?

प्रश्न: प्राथमिक शिक्षिका, नाशिक जिल्हा

आमची शाळा कातकरी वस्तीला लागून आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर चौथीतील दोन मुले आणि पाचवीतील एक मुलगी परतलेली नाहीत. त्यांचे आईवडील वस्तीवरच आहेत, त्यामुळे दरवर्षी वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांसारखा हा प्रकार दिसत नाही. विचारले की ‘मामाकडे गेली’ असे सांगतात. एका आईने मात्र मुलाला मेंढ्या राखायला ‘ठेवले’ असल्याचे कबूल केले आणि कोणत्या गावी, असे विचारल्यावर बिडीच्या पाकिटावर लिहिलेला एक मोबाइल क्रमांक दाखवला. त्यावर ना नाव होते ना गाव. हजेरीपटावर ‘सतत गैरहजर’ अशी नोंद करण्यापलीकडे आमच्याकडून काही झालेले नाही. आईवडिलांच्या संमतीने गेलेल्या मुलांना तस्करीचा कायदा लागू होतो का, आणि तक्रार केल्यास हे गरीब आईवडीलच अडकतील का?

प्रतिसाद: बालहक्क कार्यकर्ता, ठाणे

बाई, आपण वर्णन केलेला प्रकार नवा नाही. २०२२ साली इगतपुरी तालुक्यातील कातकरी मुले काही हजार रुपयांच्या आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात नाशिक व अहमदनगर जिल्ह्यांतील मेंढपाळांकडे कामाला ठेवल्याचे उघड झाले, ते उभाडे येथील दहा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाल्यानंतर. त्यापूर्वी अनेक मुले वर्षानुवर्षे घराबाहेर होती, आणि त्यांच्या गैरहजेरीची नोंद शाळांच्या पटावर होतच असणार.

तस्करी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तोंडाला रुमाल बांधून पोर उचलून नेणारा परका माणूस येतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा वस्तीत चहा पिऊन जाणारा, आजारपणात किंवा मयताच्या खर्चाला पाचशे-हजार रुपये देणारा ओळखीचा मध्यस्थच मुलाला घेऊन जातो. भूमिहीन कुटुंबाला पावसाळ्यात उचल, म्हणजे कामाच्या बोलीवर आगाऊ रक्कम, घ्यावीच लागते. ती फेडायला हातात काही नसते तेव्हा घरातले खाणारे एक तोंड कमी होते आणि कर्जही फिटते, असा हिशेब त्यांना पटवला जातो. म्हणून सुट्टीनंतर कोण परतले नाही, यापेक्षा पावसाळ्यात कोणी उचल घेतली, हा प्रश्न आधी विचारावा असे माझे मत आहे. अंगणवाडी सेविकेला त्याचे उत्तर बहुधा ठाऊक असते.

प्रतिसाद: वकील, पुणे

संमतीच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम १४३ (१ जुलै २०२४ पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम ३७०) शोषणासाठी एखाद्याला नेणे, ठेवणे, दुसऱ्याच्या हवाली करणे किंवा स्वीकारणे, हे सर्व गुन्ह्यात धरते. आणि ज्याच्या ताब्यात ती व्यक्ती आहे त्याची संमती पैसे देऊन मिळवणे हा त्या गुन्ह्याच्या व्याख्येचाच एक भाग आहे. त्यामुळे ‘बापाने पैसे घेतले होते’ हा आरोपीचा बचाव ठरत नाही, उलट तो त्याच्याविरुद्धचा पुरावा होऊ शकतो. बालकाच्या बाबतीत किमान शिक्षा १० वर्षे, एकाहून अधिक बालके असल्यास १४ वर्षे आहे.

आईवडिलांबाबतची आपली भीती अनाठायी नाही, म्हणूनच तक्रारीचा अर्ज कसा लिहिला जातो याला महत्त्व आहे. नेणाऱ्याचे व मध्यस्थाचे वर्णन, तो मोबाइल क्रमांक, घेतलेली उचल आणि मूल शेवटचे शाळेत आल्याची तारीख लिहावी, आणि १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याचा उल्लेख करावा. त्या कायद्याने असे कर्ज आपोआप रद्द होते व ते पुन्हा वसूल करणे हाच गुन्हा ठरतो. त्यामुळे कुटुंब पीडित म्हणून समोर येते. उपविभागीय अधिकाऱ्यांकडून मुक्ती प्रमाणपत्र (वेठबिगारीतून सुटका झाल्याचा दाखला) मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नये, कारण पुनर्वसनाची मदत त्याच्याशी जोडलेली असते. मूल नेमके कुठे आहे हे आईवडिलांनाच सांगता येत नसेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानुसार पोलिसांनी बेपत्ता बालकाचा गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे. ‘मिसिंग’ची साधी नोंद पुरेशी नाही.

प्रतिसाद: निवृत्त मुख्याध्यापक, धुळे

वरील सर्व मान्य करूनही एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. हा विषय वस्तीवर किंवा व्हॉट्सॲपच्या गटावर मुळीच काढू नये. १ जुलै २०१८ रोजी आमच्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. ते भिक्षा मागायला आले होते. जी टोळी नव्हती तिला गावाने शोधून काढले, आणि उचल देऊन मुले नेणाऱ्यांना मात्र गावे पाटावर बसवून जेवू घालतात. (हा टोमणा आम्हां गावकऱ्यांनाच आहे.) शिवाय मेंढपाळ समाजाला सरसकट दोषी ठरवणे हीही तीच चूक होईल. माहिती १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर द्यावी. तेथे माहिती देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवता येते.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

सर्वांचे आभार. मुलांना परत आणल्यावर पुढे काय होते, हेही कळले तर बरे होईल. आईवडिलांच्या हाती सोपवली, तर पुढच्या दिवाळीत पुन्हा हेच होईल, अशी मला धास्ती वाटते.

प्रतिसाद: बालहक्क कार्यकर्ता, ठाणे

सुटका झालेल्या मुलाला २४ तासांच्या आत जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीसमोर हजर करावे लागते, आणि ते घरी जाईल की काही काळ बालगृहात राहील हे ती समिती ठरवते. त्या वेळी शिक्षकाने लेखी म्हणणे मांडले तर त्याला वजन असते. मुलाचे नाव आश्रमशाळेत घालता येईल का आणि कुटुंबाला रेशनकार्ड, जातीचा दाखला आहे का, हे त्यात अवश्य लिहा. कागदपत्रे नसली की बँकेचे खाते अडते आणि मंजूर झालेली मदतही पडून राहते. हजेरीपटाच्या त्या पानांच्या साक्षांकित प्रती मात्र आजच काढून ठेवा. मुलगा कधीपासून कामावर होता यावर प्रकरण अडते, तेव्हा शाळेची नोंदच बहुधा एकमेव लेखी पुरावा असते.