जॉन क्लिअरी यांच्या डाव्या हातात न्यू ऑर्लिन्स कसे उतरले?

प्रश्न:
गेले काही महिने मी जॉन क्लिअरी यांचे पियानोवादन ऐकत आहे. इंग्लंडमधील केंट परगण्यात वाढलेला हा कलाकार १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, ऐन विशीच्या उंबरठ्यावर, अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सला गेला आणि तिथलाच झाला. मी स्वतः कीबोर्ड वाजवतो. त्यांच्या उजव्या हातातल्या ब्लूजच्या जागा मला थोड्याफार जमतात, पण डावा हात जोडला की सूर बरोबर असूनही सगळे सपाट वाटते. नेमके काय ऐकावे? आणि बाहेरून आलेल्या माणसाला हे कसे साधले असावे?

प्रतिसाद १:
डाव्या हातासाठी आठ सारख्या मात्रा मोजा आणि पहिल्या, चौथ्या व सातव्या मात्रेवर आघात द्या. क्युबाकडून आलेले हे तीन-तीन-दोनचे वजन न्यू ऑर्लिन्सचे पियानोवादक प्रोफेसर लाँगहेअर यांनी ब्लूजच्या पियानोत पक्के बसवले. तुमचे वादन सपाट वाटते, याचे कारण बहुधा असे की तुम्ही मात्रा अगदी सरळ मोजत आहात. न्यू ऑर्लिन्सचे वादक सरळ लय आणि झुलती लय (स्विंग) यांच्या मधल्या फटीत वाजवतात. द मीटर्स या तिथल्या बँडचे ड्रमवादक झिगाबू मोडेलिस्ट यांच्या वादनात, विशेषतः १९६९च्या ‘सिसी स्ट्रट’मध्ये, ती फट स्पष्ट ऐकू येते. तिथल्या मिरवणुकांमध्ये मोठा ढोल दर दुसऱ्या बारच्या (चार ठोक्यांच्या आवर्तनाच्या) चौथ्या ठोक्यावर जोर देतो आणि मागून चालणारे लोक त्यावर पाऊल टाकतात. फंक या नाचत्या लयीच्या संगीताचे मूळ त्या चालण्यात आहे, म्हणून आधी पायाने शिका.

प्रतिसाद २:
‘कसे साधले’ याविषयी लिहितो. क्लिअरी तिथे पोहोचले तेव्हा ते प्रामुख्याने गिटार वाजवत. मेपल लीफ बारमध्ये त्यांनी रंगकामाची नोकरी धरली आणि तिथेच जेम्स बुकर यांचे पियानोवादन त्यांना समोर बसून ऐकायला मिळाले. बुकर १९८३ मध्ये वारले, म्हणजे ही संधी फार थोड्या काळाची होती. पुढे क्लिअरी यांनी स्नूक्स ईग्लिन, अर्ल किंग, जॉनी अ‍ॅडम्स अशा तिथल्या ज्येष्ठ गायकांना साथ केली. माझ्या मते खरी तालीम ती साथच होती, कारण गायक कुठे श्वास घेतो हे तबकडी ऐकून कळत नाही.

प्रतिसाद ३:
वरील सर्व मान्य आहे, तरी एक गोष्ट मनाला लागते. क्लिअरी यांना ‘गोगो ज्यूस’ या गीतसंग्रहासाठी २०१६ मध्ये ग्रॅमी मिळाले, ते योग्यच झाले, पण ज्यांच्या वाटेने ते चालले त्या लाँगहेअर यांच्यावर १९६०च्या दशकात तबकड्यांच्या दुकानात झाडू मारण्याची वेळ आली होती, आणि १९७१च्या न्यू ऑर्लिन्स जॅझ महोत्सवानंतरच त्यांची पुन्हा कदर झाली. क्लिअरी यांचा मोठेपणा असा की त्यांनी हे ऋण झाकले नाही. २०१२ चा ‘ऑक्कापेला’ हा संपूर्ण संग्रह त्यांनी अ‍ॅलन टूसाँ या तिथल्याच गीतकार-संगीतकाराच्या गीतांना वाहिला, आणि ‘गोगो ज्यूस’साठी ब्रासची (पितळी सुषिर वाद्यांची) रचना स्वतः टूसाँ यांनी करून दिली.

प्रश्नकर्ता:
सर्वांचा आभारी आहे. काल रात्री उजवा हात मांडीवर ठेवून, चौथ्या ठोक्यावर टाच आपटत, केवळ डावा हात तासभर वाजवला. चाळिसेक मिनिटांनी तीन-तीन-दोन मोजावे लागेनासे झाले. उजवा हात जोडताच मात्र ते पुन्हा सुटले. आता आठवडाभर डावाच वाजवणार आहे.