टॅब दाबला की आपण कुठे आहोत तेच कळत नाही

डिचोलीचो पावस:
मयेतल्या एका ओळखीच्यांच्या होमस्टेची साइट मी केलीय. चवथीला मामा घरी आले होते. त्यांचा हात थरथरतो, माऊस धरवत नाही, सगळं कीबोर्डवरच चालतं. कौतुकाने साइट दाखवली. त्यांनी पाच-सहा वेळा टॅब दाबला आणि विचारलं, "बाबू, हांव आतां खंय आसां?"

चूक माझीच. टॅबने आपण ज्या बटणावर किंवा रकान्यावर पोचतो (यालाच फोकस म्हणतात) त्याभोवती ब्राउझर चौकट काढतो. "ती निळी चौकट घाण दिसते" असं मालकीणबाई म्हणाल्या, म्हणून मी सगळीकडे 'आउटलाइन नन' टाकून ती घालवली होती. आता लोगोतल्या नारिंगीची १ पिक्सेलची चौकट दिलीय, तरी मामांना दिसत नाही. शिवाय मुख्य बटण तळ्याच्या फोटोवर आहे. काय करू?

खाजन:
पांढऱ्यावर नारिंगी दिसणार कशी? साध्या नारिंगीचा कॉन्ट्रास्ट (दोन रंगांतला उजळ-गडद फरक) जेमतेम २:१ भरतो, हवा किमान ३:१. गडद निळा घे, ३ पिक्सेल जाड, आणि आउटलाइन-ऑफसेट २ दे, म्हणजे चौकट बटणाला चिकटत नाही. फोटोवर एक रंग पुरत नाही; आत पांढरी, बाहेर काळी अशी दुहेरी कर. दोन्ही बॉक्स-शॅडोने, म्हणजे सावलीने, करू नकोस, विंडोजच्या हाय कॉन्ट्रास्ट मोडमध्ये शॅडो गायब होते. एक तरी खरी आउटलाइन ठेव.

घाटमाथा:
मालकीणबाईंसाठी 'फोकस-व्हिजिबल' वापर. माऊसने बटण दाबलं तर चौकट येत नाही, टॅबने गेलं की येते. बाई खूश, मामाही खूश.

आणि डब्ल्यूसीएजीचा (साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या नियमावलीचा) धाक कोणी घातला तर: २.४.७ मध्ये फोकस दिसला पाहिजे एवढंच आहे. २ पिक्सेल जाडीचा हिशेब २.४.१३ मधला, तो एएए, म्हणजे सगळ्यात कडक पातळीचा. पण मामांना पातळी काय करायचीय, जाडच ठेव.

डिचोलीचो पावस:
केलं. मामांना फोन करून त्यांच्या कीबोर्डवर टॅब-टॅब करायला लावलं. फोन नंबरचा रकाना खाली चिकटलेल्या 'बुक करा' पट्टीमागे लपतो, आणि तारखांच्या कॅलेंडरात टॅब शिरतच नाही.

खाजन:
पट्टीच्या उंचीएवढं स्क्रोल-पॅडिंग-बॉटम दे, म्हणजे रकाना पट्टीच्या वर थांबेल. कॅलेंडरातले आकडे नुसते डिव (बटण नसलेले साधे चौकोन) असतील, त्यांना फोकस मिळतच नाही, चौकट कुठून येणार! ते विजेट काढ, ब्राउझरचा साधा डेट इनपुट टाक.

डिचोलीचो पावस:
टाकला. मालकीणबाईंना तो "सरकारी" वाटतोय. मामांनी मात्र दोन रात्री बुक केल्या, आता त्या रद्द कशा करायच्या विचारतायत.