एमआरआयचं प्रकरण आठवा

ब्रुसेल्समध्ये, म्हणजे युरोपीय संघाच्या दरबारी, डॉक्टरांच्या संघटना म्हणजे वैद्यकीय कंपन्यांचाच आवाज, असं एकाने म्हटलंय. सरसकट तसं नाही. २००४ साली युरोपीय संघाने कामगारांना विद्युतचुंबकीय क्षेत्रांपासून वाचवण्यासाठी एक निर्देश (सदस्य देशांना बंधनकारक कायदा) काढला. एमआरआय यंत्र अशाच क्षेत्रांवर चालतं. हेतू चांगलाच, पण मर्यादा इतक्या कडक की लहान मूल किंवा भूल दिलेला पेशंट एमआरआयमध्ये असताना शेजारी थांबणारी नर्सच नियमभंगात अडकली असती! पर्याय काय, तर बऱ्याचदा सीटी, म्हणजे पेशंटला क्ष-किरणांचा डोस. २००७मध्ये युरोपियन सोसायटी ऑफ रेडिऑलॉजी (एमआरआय, सीटीसारख्या तपासण्या करणाऱ्या डॉक्टरांची, म्हणजे रेडिऑलॉजिस्टांची संघटना), मज्जासंस्थेच्या विकारांच्या रुग्णसंघटनांचा महासंघ आणि काही युरोपीय खासदारांनी मिळून ‘अलायन्स फॉर एमआरआय’ उभी केली. निर्देशाची अंमलबजावणी आधी २०१२पर्यंत, मग २०१३पर्यंत पुढे ढकलली गेली आणि २०१३च्या नव्या निर्देशात एमआरआयला अटींसह सूट मिळाली.

यंत्र बनवणाऱ्यांचाही यात फायदा होताच, नाकारत नाही. पण माझ्या मते पारडं झुकलं ते रुग्णसंघटना सोबत होत्या म्हणून. एकट्या रेडिऑलॉजिस्टांचं कोण ऐकणार होतं? मला खटकतं ते वेगळंच. ही एकजूट निर्देश मंजूर झाल्यावर तीन वर्षांनी झाली. मसुद्याच्या टेबलावरच ही मंडळी बसली असती, तर पुढची सगळी धावपळ वाचली असती.