मदत हवी आहे: फौजेतून आलो, कंपनीत सुपरवायझर झालो, पोरं ऐकत नाहीत आणि मालक मलाच बोलतो

तोफखाना_चाळीसगाव
नमस्कार मंडळी. सरळ मुद्द्यावर येतो. तोफखान्यातून हवालदार म्हणून पेन्शनवर आलो (इथं फौजीला सगळे मेजरच म्हणतात), जळगाव एमआयडीसीत एका कंपनीत सुपरवायझर लागलो. तिथं शिस्त म्हणून नाही, कोणी कधीही येतंय, कोणी कधीही चहाला जातंय. मी नीट लावायला गेलो तर दोन जण काम सोडून गेले आणि काल मालक केबिनमध्ये बोलावून म्हणतो मेजर तुमचं फौजीपण गेटबाहेर ठेवून येत जा. सिव्हिलमध्ये माणसाकडून काम करून कसं घेतात एवढंच सांगा. ज्ञान नको, उपाय सांगा. सोमवारी परत मालकासमोर बसायचंय.

खान्देशी_भाऊ
मेजर, काय व्हयनं ते त सांगा पहिले. कंपनी कशाची, दोघं काबरं गेले?

केळीबाग_रावेर
जय हिंद मेजर. दुसऱ्याच्या बोलण्याखाली राहायची तुम्हाला गरजच काय, पेन्शन येते ना? शेती असेल तर टिश्यू कल्चर केळी लावा, ठिबक टाका, कोणाचं ऐकायचं काम नाही. आमच्याकडे एक रिटायर्ड सुभेदार हेच करून राहिलेत, मस्त चाललंय त्यांचं.

धुळेकर_७०
केळीत बॉस नसतो पण व्यापारी असतो भाऊ. आणि मे-जूनचं वादळ आलं की बाग आडवी, मग कोणाला फॉलिन करायचं, रांगेत उभं करायचं? नोकरीचं विचारलंय त्यांनी, केळीचं नाही.

केळीबाग_रावेर
वादळाचा विमा असतो. माहिती नसेल तर बोलू नये.

तोफखाना_चाळीसगाव
शेती भावाकडे आहे, तो विषय नाही. कंपनी पीव्हीसी पाईपची. शिफ्ट आठची, मी पावणेआठला गेटच्या आत सगळ्यांना फॉलिन करतो, हजेरी घेतो, आजचं काम सांगतो, मोबाईल जमा करतो. उशिरा आलेल्याला बाजूला उभं करतो. बस. शिव्या नाहीत, हात लावलेला नाही. यात गैर काय आहे?

धुळेकर_७०
काहीच गैर नाही. उलट प्रत्येकाला दोन वर्षं फौजेत पाठवायला पाहिजे मग कळेल. आजकालची पोरं पाच मिनिटं उभी राहिली की यांचा अपमान होतो.

पोटासाठी_जळगाव
दोन वर्षं पाठवायला तुम्ही स्वतः गेले होते का?

धुळेकर_७०
माझ्या गुडघ्याचा प्रॉब्लेम होता.

बँकवाला_अमळनेर
मेजर, ही कंपनी सोडा आणि बँकेच्या परीक्षेला बसा. सरकारी बँकेत क्लार्कच्या जागांत माजी सैनिकांना १४.५ टक्के आरक्षण आहे. दहावी पास आणि १५ वर्षं नोकरी झालेली असली की क्लार्कला डिग्रीचं अडत नाही. मी स्वतः असाच लागलो, आता एसीत बसतो.

खान्देशी_भाऊ
एसीत बसून कस्टमरला लंच टाईम सांगणारे तुम्हीच का? 😄

पेन्शनर_चोपडा
स्पर्श पोर्टलवर (फौजी पेन्शनचं) जीवन प्रमाण म्हणजे हयातीचा दाखला टाकलं आहे पण स्टेटस दिसत नाही. कोणाला माहिती आहे का? पीपीओ (पेन्शन आदेशाचा) नंबर बरोबर आहे.

एक्स्ट्रूडरवाला
मेजर एक विचारतो, फक्त उत्तर द्या. फॉलिन सुटतं किती वाजता?

तोफखाना_चाळीसगाव
आठ दहा. कोणी उशिरा आलं तर सव्वाआठ.

एक्स्ट्रूडरवाला
आणि तोवर रात्रपाळीचा ऑपरेटर कुठे असतो?

तोफखाना_चाळीसगाव
मशीनवर. दुसरीकडे कुठे असणार.

एक्स्ट्रूडरवाला
मग झालं. मी पाईप लाईनवरच काम करतो, ऑपरेटरपासून चढत आता शिफ्ट इन्चार्ज आहे. पीव्हीसीची चालू लाईन सोडून माणूस हलू शकत नाही, लाईन थांबली आणि हीटर चालू राहिला की बॅरलमधला (गरम नळीतला) माल जळायला लागतो, पिवळा मग काळा, मग डाय (पाईपचा साचा) खोलून घासत बसा, तो दिवस गेलाच समजा. म्हणून दिवसाचा माणूस येऊन मशीन हातात घेत नाही तोवर रात्रीचा तिथेच. रात्रभर गरमीत उभा राहिलेला माणूस आहे तो, आणि तुम्ही त्याचा बदली गेटपाशी रांगेत उभा करून काम समजावताय. नशिराबाद-पाळधीकडची पोरं असतील तर त्यांची ठरलेली रिक्षा आठला निघून जाते, मग दुसरी भरेपर्यंत बसा. हा वेळ ओव्हरटाईममध्ये धरता का? कायद्याने ओव्हरटाईमचा रेट दुप्पट आहे. गेलेल्या दोघांत रात्रपाळीचा होता का?

तोफखाना_चाळीसगाव
एक होता. ओव्हरटाईम ऑफिस बघतं, माझ्याकडे नाही. दुसरा दिवसाचा, त्याला उभं केलं होतं.

मायबाई_पाचोरा
दादा, माझे मिस्टर पण फौजेतून आलेत. आल्या आल्या घरात हेच. मुलांचे बूट एका रेषेत, जेवायला आठ म्हणजे आठ, मी भाकरी टाकत असले तरी. मुलगी एकदा म्हणाली पप्पा मी तुमची जवान नाही, तेव्हा दोन दिवस बोलले नव्हते तिच्याशी. आता एका शाळेत शिपायांवर देखरेख करतात, तिथं निभतंय कारण कोणी उशिरा आलं तर आधी विचारतात काय झालं, मग बोलतात. त्या मुलाला विचारलं होतं का तुम्ही उशीर का झाला?

तोफखाना_चाळीसगाव
ताई, फौजेत कारण विचारत नाहीत. उशीर म्हणजे उशीर.

आर्टी_सुभेदार_पारोळा
जय हिंद हवालदार साहब. मी पण तोफखान्याचाच, देवळालीत बरीच वर्षं काढली. फौजेत कारण विचारत नाहीत हे तुम्ही कोणत्या फौजेचं सांगताय? पेशी म्हणजे सुनावणी लागली की सीओसाहेब (कमांडिंग ऑफिसर) शिक्षा सुनावण्याआधी जवानाला विचारतात, काही सांगायचंय का. मी स्वतः जवान घेऊन आत मार्च केलेले आहेत. उशीर झाला म्हणून सगळ्यांसमोर उभं करणं हा ट्रेनिंगमधल्या उस्तादाचा रगडा आहे, तो रिक्रूटला असतो, पाच-सात वर्षं मशीन चालवलेल्या माणसाला नाही. आणि तुम्ही नंबर वन (तोफेचे प्रमुख) होता ना गनवर? गन ॲक्शनमध्ये असताना डिटॅचमेंटला (तोफेवरच्या जवानांना) कधी परेडला बोलावलं? प्रत्येक जण आपल्या जागेवर आणि ऑर्डर तिथेच. तुमची ती मशीन चोवीस तास ॲक्शनमध्ये आहे असं धरा, मग फॉलिन कुठे करायचं ते तुम्हालाच सुचेल.

धुळेकर_७०
म्हणजे सुपरवायझरने आता मशीन टू मशीन फिरत राम राम करायचा?

आर्टी_सुभेदार_पारोळा
हो. सुभेदार मेजर साहेब पण फिरतच होते लाईनमध्ये सकाळी.

पोटासाठी_जळगाव
आणखी एक गोष्ट कोणी बोलत नाहीये. फौजेत जवान राजीनामा टाकून संध्याकाळी दुसऱ्या पलटणीत जाऊ शकत नाही. इथं शेजारच्या गेटवर थोडे जास्त मिळाले की पोरगा दुपारच्या सुट्टीतच जातो, त्यातून ठेकेदाराचा असेल तर सांगत पण नाही. तुमच्याकडे आर्मी ॲक्ट नाही मेजर. मेमो द्यायचा असेल तर ऑफिस देणार, तुम्ही फक्त लेखी कळवायचं.

बँकवाला_अमळनेर
म्हणून तर म्हणतो परीक्षा द्या.

तोफखाना_चाळीसगाव
सुभेदार साहेब जय हिंद. गनचं पटलं. ते रिक्षाचं मला कोणी सांगितलं नव्हतं, पोरं तोंडावर काही बोलतच नाहीत, हो मेजर हो मेजर करतात आणि दुसऱ्या दिवशी येत नाहीत, मला हेच कळत नाही. फौजेत निदान तोंडावर रिपोर्ट मिळतो. पण मोबाईलचं मी सोडणार नाही. हॉपरमध्ये (मशीनला माल भरतो त्यात) मटेरियल संपलंय आणि हा रील बघतोय हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मायबाई_पाचोरा
मोबाईल जमा केला आणि घरी कोणाला काही झालं तर निरोप कसा मिळणार? तुमच्या युनिटला निदान फोन लागायचा.

एक्स्ट्रूडरवाला
मोबाईलचं तुमचं बरोबर आहे, चालत्या मशीनवर नकोच. आमच्याकडे प्रत्येक लाईनच्या टेबलावर पत्र्याचा डबा आहे, उघडाच, वाजला तर कळतो. सोमवारी मालकाला एवढंच सांगा. एक, हजेरी गेटवर नाही, मशीनवर, हॅन्डओव्हर रजिस्टरमध्ये, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही, वेळ टाकून. त्यात हीटरचं तापमान, स्पीड, रात्री काय बिघडलं ते लिहायचं. उशिरा कोण आला ते त्याच रजिस्टरवरून निघतं, उभं करायची गरज पडत नाही. दोन, आठनंतर रात्रीचा थांबला तर ती वेळ ऑफिसला जाईल. हे मालक नाही म्हणणार नाही कारण माल जळणं वाचतं. आणि गेलेल्या ऑपरेटरला फोन करा, तुम्ही स्वतः, ठेकेदारामार्फत नको. एक्स्ट्रूडरचा (पाईप काढायच्या मशीनचा) चांगला ऑपरेटर सहज मिळत नाही.

धुळेकर_७०
फोन करून काय, माफी मागायची?

एक्स्ट्रूडरवाला
आठला सुट्टी मिळेल एवढं सांगायचं. यायचं तर येईल.

तोफखाना_चाळीसगाव
त्या रजिस्टरचे रकाने कसे आहेत त्याचा फोटो टाका. रविवारी आखून घेतो.

एक्स्ट्रूडरवाला
उद्या टाकतो, आत्ता सेकंड शिफ्टला चाललोय.

पेन्शनर_चोपडा
स्पर्शचं कोणी सांगेल का?

आर्टी_सुभेदार_पारोळा
नवीन धागा काढा अप्पा, तिथं सांगतो.