जुन्या फ्रंट लोडरचा स्पायडर तडकलाय: वेल्डिंग, नवं ओतकाम की दुसरं मशीन? मदत हवी आहे

धागाकर्ता: ड्रमवाला

मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे. (स्पायडर म्हणजे ड्रमच्या मागचा, शाफ्ट धरणारा तीन हातांचा भाग.)

जुनी फ्रंट लोडर वॉशिंग मशीनं मिळवायची आणि पुन्हा कपडे धुण्याजोगी करायची, हा माझा उद्योग. (घरात याला वेगळा शब्द आहे.) मुलुंडला तळमजल्यावर वडिलांचा छोटा गाळा रिकामा होता म्हणून जमतं, नाहीतर मुंबईच्या बाथरूमांत एका चालू मशीनलाच जागा पुरत नाही.

पुनर्विकासामुळे सध्या माल भरपूर निघतोय. इमारत रिकामी करायची तारीख पडली की लोक टीव्ही नेतात, सागवानी कपाट नेतात, जुनं मशीन मात्र तिथेच सोडतात. भंगारवालाही नाक मुरडतो, कारण वजनातला बराच वाटा, टब हापटू नये म्हणून लावलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचा असतो आणि काँक्रीटला भाव नाही. माटुंग्याच्या अशाच एका बिल्डिंगमधून, तिसऱ्या मजल्यावरून हे उचललं. लिफ्ट बंद होती. ठोकळे वरच सोडवून घेतले तरी हमाल जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मशीन युरोपीय बनावटीचं. घरमालक आखातात नोकरीला होते, त्यांनी ऐंशीच्या दशकात सामानातून आणलेलं. ड्रम स्टेनलेस स्टीलचा, बाहेरचा टब इनॅमलचा. मोटर इंडक्शन, दोन वेगांची, 2 आणि 16 पोलची. म्हणजे 50 हर्ट्झवर कागदोपत्री मिनिटाला 3000 आणि 375 फेरे, प्रत्यक्षात थोडे कमी. पुलीतून उतरल्यावर ड्रमला धुताना पन्नासेक, पिळताना पाचशेच्या आत. कार्ड नाही, डिस्प्ले नाही. टायमर म्हणजे छोट्या मोटरवर फिरणारी कॅमची चळत, नॉब सरकवला की कट्-कट् वाजते. मला अशीच मशीनं आवडतात, बिघाड कुठे आहे ते डोळ्यांना दिसतं.

तर बिघाड. धुताना काही तक्रार नाही. पिळायला लागलं की आधी ठक्-ठक्, वेग वाढला की सगळं अंग हापटतं. दार उघडून ड्रमची पुढची कड धरून वर उचलली तर ड्रम टबमध्ये खालीवर होतो, म्हणून आधी वाटलं बेअरिंग. पण मागून पुली धरून हलवली तर शाफ्ट जागच्या जागी, तसूभर हलत नाही. पुली स्थिर आणि ड्रम हलतो, म्हणजे खेळ दोघांच्या मधे. पाठ उघडली.

ड्रमच्या मागचा तीन हातांचा ॲल्युमिनियमचा स्पायडर (ज्यात शाफ्ट बसलेला असतो तो) बाहेर काढल्यावर दोन हात धड दिसले, तिसरा मधूनच तडकलेला. धड म्हणतो तेही वरवर. हातांच्या खोबणीत राखाडी-पांढरा चिखल होता, लाकडी काडीने खरवडला तर खाली धातू पोखरलेला, काही ठिकाणी आरपार उजेड. बोटाने दाबलं तर पापुद्रा सुटून आला.

प्रश्न असे:
तडकलेला हात ॲल्युमिनियम वेल्डिंगने जोडून चालेल का? नाही तर हाच नमुना देऊन नवा ओतून घेता येईल का? शाफ्ट ओततानाच आत बसवलेला दिसतो, तो वेगळा निघत नाही. की याच जातीचं दुसरं मशीन मिळेपर्यंत थांबावं? मूळ कंपनीकडे या मॉडेलचे सुटे भाग कधीच बंद झालेत.

---

कांदेपोहे: नवीन घ्या हो. हप्त्यावर मिळतं.

---

ड्रमवाला: नवीन आहे. घरात. हे वेगळं प्रकरण आहे.

---

लेथवाले_काका: टूलरूममध्ये हयात गेली, म्हणून लिहितो.

वेल्डिंगच्या नादी लागू नका. हा भाग प्रेशर डायकास्ट, म्हणजे दाबाने साच्यात ओतलेला असणार. अशा ओतकामात हवेचे बारीक बुडबुडे अडकलेले असतात, त्यात तुमच्या तुकड्यात वर्षानुवर्षांचा साबण मुरलाय. टिग वेल्डिंगचा आर्क लागला की ते फसफसून वर येतं आणि टाका चाळणीसारखा बसतो. धरलाच तरी शेजारी दुसरीकडे तडकेल, कारण उरलेला धातूही आतून गेलाय हे तुम्हीच लिहिलंय.

आणि तिथे जोर किती येतो बघा. ड्रमची त्रिज्या 23 सेंटीमीटर धरली आणि वेग 500, तर कडेला गुरुत्वाकर्षणाच्या साधारण 64 पट ओढ. एका बाजूला अर्धा किलोचा ओला टॉवेल गोळा झाला तर 32 किलोचा हिसका, तोही फिरता, दर फेऱ्याला. वेल्डिंग करणारा म्हणेल "काय होत नाय साहेब". होतं.

नमुना देऊन ओतायचं असेल तर एक लक्षात ठेवा. ॲल्युमिनियम थंड होताना एक ते दीड टक्का आखडतं. जुनाच तुकडा लांबी भरून साच्यात दाबलात तर चाळीस सेंटीमीटरच्या स्पायडरमागे चार ते सहा मिलिमीटर कमी भरेल आणि हातांची टोकं ड्रमच्या भोकांना भिडणार नाहीत. पॅटर्न तेवढा वाढवूनच करावा लागतो. मिश्रधातू एलएम-6 मागा, सिलिकॉन जास्त असतं, गंज कमी धरतो.

शाफ्टचा फोटो टाका. ऑइल सील (पाणी बेअरिंगकडे जाऊ न देणारी रबरी कडी) जिथे बसतो तिथे नखाने चाचपून सांगा, खाच लागते का?

---

ड्रमवाला: काका, मनापासून आभार. शाफ्टवर सीलच्या जागी पितळी बुश आहे आणि हो, नख अडकतं. कडेकडेने दोन बारीक चरे पडलेत. फोटो संध्याकाळी.

---

लेथवाले_काका: मग बुश आधी बदला. नवीन सील त्याच खाचेवर बसवलात तर सहा महिन्यांत पाणी बेअरिंगमध्ये जाईल. रिपेअरवाले नव्वद टक्के वेळा हेच करतात, बेअरिंग-सील बदलून पैसे घेतात आणि बुशकडे बघतही नाहीत. सीलवर तीन आकडे असतात, आतला व्यास, बाहेरचा, जाडी. ते घेऊन नागदेवी स्ट्रीटला जा. बेअरिंगचंही तसंच, नंबर कडेवरच कोरलेला असतो. 6205 म्हणजे 25 गुणिले 52 गुणिले 15, 6206 म्हणजे 30 गुणिले 62 गुणिले 16, कुठल्याही कंपनीचं असो. दोन्ही बाजूंना रबर असलेलं घ्या, पत्र्याचं झाकण नको. टबमध्ये बसवताना हातोडी मारायचीच वेळ आली तर बाहेरच्या रिंगवर, आतल्या रिंगवर मारलीत तर गोळ्यांची वाट लागते.

---

पावसाळी_बेडूक: गंजतो कशामुळे पण? ॲल्युमिनियम गंजत नाही ना? आमच्याकडे पालिकेचं पाणी येतं, तानसा-भातसाचं, मऊ पाणी. क्षाराचा थर तर आम्हाला माहीतच नाही.

---

ड्रमवाला: @पावसाळी_बेडूक, हीटरवर थर बसत नाही हे खरं, बोअरवेल किंवा टँकरचं पाणी असलेल्या सोसायट्यांचे हीटर बघा, पांढरे फटक असतात. पण स्पायडरचं दुखणं वेगळं. स्टेनलेसचा ड्रम आणि ॲल्युमिनियमचा हात एकमेकांना बोल्टने आवळलेले, वरून साबणाचं पाणी. झाली बॅटरी तयार, आणि त्यात झिजतं नेहमी ॲल्युमिनियम. त्यातून पावडर अल्कधर्मी, तिचा गाळ खोबणीत साचून राहतो. आपल्याकडची दमट हवा, त्यात दार बंद ठेवायची सवय, म्हणजे तो गाळ कधी सुकतच नाही. कोणी धुण्याचा सोडा टाकून ड्रम "साफ" करायला सांगितला तर ऐकू नका, ॲल्युमिनियमला तो सरळ खातो.

---

गिरगावचा_फ्यूज: स्पायडर होईल तेव्हा होईल, मशीन प्लगला लावायच्या आधी हे वाचा.

1. पाठीमागे किंवा आत, वायर शिरते तिथे गोल किंवा चौकोनी फिल्टर (पाण्याचा नव्हे, विजेतला खरखराट गाळणारा) असेल. त्या काळातले कागदी कपॅसिटर दमट हवेत भेगाळतात आणि वीज मिळाली की धूर काढून मोकळे होतात, कधीकधी मशीन बंद असतानाही, कारण ते स्विचच्या आधी जोडलेले असतात. डोळे मिटून बदला, एक्स-टू वर्गाचा मागा, लॅमिंग्टन रोडला मिळतो.

2. हीटर. बरीच वर्षं पडून असलेल्या हीटरच्या नळीतली पावडर ओलावा धरते. साधा मल्टिमीटर सगळं ठीक दाखवेल, पण लाइनवर लावला की आरसीसीबी (वीज गळली की पडणारा स्विच) पडेल. मेगरने, म्हणजे जास्त व्होल्टेजवर इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने तपासा. कमी दाखवला तर लगेच फेकू नका, ओव्हनमध्ये मंद आचेवर काही तास सुकवून परत बघा. बरेच जगतात.

3. 2000 वॉटचा हीटर 230 व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर घेतो. 16 अँपिअरचा सॉकेट आणि खरी अर्थिंग हवी. आमच्याकडच्या जुन्या चाळींत तिसरं भोक शोभेचं असतं. गाळ्यात नीट तपासून घ्या.

---

ड्रमवाला: फिल्टर काढून ठेवलाय, वरच्या आवरणाला खरोखरच भेग आहे. हीटर मेगरला लावून सांगतो. अर्थिंग मीच घालून घेतली आहे.

---

डोंबिवली_फास्ट: अज्ञान प्रश्न. ते काँक्रीटचे ठोकळे काढून टाकून मशीनच जमिनीला बोल्टने आवळलं तर? वजनही कमी आणि हापटणंही बंद.

---

ड्रमवाला: कल्पना जुनी आहे. अमेरिकेत 1937 साली आलेलं बेंडिक्सचं पहिलं घरगुती फ्रंट लोडर जमिनीला आवळावंच लागायचं, कारण टबला स्प्रिंगच नव्हते. इथे टब स्प्रिंगवर लटकतो आणि ठोकळे त्या टबला लावलेले असतात, बाहेरच्या पेटीला नाही. ते काढले तर पेटी जागेवर राहील आणि टब आतून तिला बुकलून काढेल.

---

ठाण्याचा_फॅब्रिकेटर: काका म्हणतात ते सगळं बरोबर, फक्त एकच वेगळं सुचवतो. ॲल्युमिनियम परत कशाला? तुमचं काम एका नगाचं आहे. पॅटर्न, साचा, ओतकाम, मग मशीनिंग, एका नगासाठी फाउंड्रीवाला दारात उभं करणार नाही. त्यापेक्षा 304 स्टेनलेसचा करा. हात प्लेटमधून लेझरने कापून घ्या, कडेला उभी पट्टी जोडा म्हणजे वाकणार नाही, मधे जाड हब. ड्रमही स्टेनलेस, स्पायडरही स्टेनलेस, बॅटरीचा विषयच मिटला.

वजन वाढेल, पण मध्यावर आहे आणि वेग पाचशेचा. चालतं.

---

लेथवाले_काका: फॅब्रिकेटरसाहेबांशी सहमत, मला ओतकामाची सवय म्हणून तिकडे गेलो. मात्र स्टेनलेस वेल्डिंगला वाकतं, आणि खूप वाकतं. म्हणून क्रम असा: हात आणि हब आधी जोडून घ्या, टाके आळीपाळीने तिन्ही बाजूंना थोडे थोडे मारा. मग हातांची तिन्ही टोकं लेथच्या फेसप्लेटवर आवळा आणि त्याच बैठकीत हबचं भोक बोअर करा. आधी भोक करून मग वेल्डिंग केलंत तर शाफ्ट तिरका बसणार आणि ड्रमची पुढची कड गॅस्केटला घासणार. शाफ्ट ईएन-8 पोलादातून नवा करा, हबमध्ये घट्ट दाबून बसवा आणि आडवी पिन मारा. शाफ्टचं माप जुन्यावरून घ्या, पण बेअरिंगच्या जागा नव्या बेअरिंगवरून. जुन्या झिजलेल्या असतात.

टोकांना डायल गेज लावून रनआउट, म्हणजे फिरताना किती डगमगतं ते बघा. अर्ध्या मिलिमीटरच्या आत आलं तर बास.

---

ड्रमवाला: हे पटलं. ओतकाम बाद, 304 चा करतो. जुन्या तुकड्याचं माप कागदावर उतरवलंय. दोन हात शाबूत आहेत तोवर 120 अंशांचा कोन आणि टोकांच्या भोकांचं अंतर मिळतंय, तिसरा त्यावरूनच. एकच शंका राहिली. ड्रमच्या भोकांतले मूळ बोल्ट साध्या लोखंडाचे आहेत, डोकी गंजून गेलीत. तेही स्टेनलेसचे घेऊ ना?

---

ठाण्याचा_फॅब्रिकेटर: हो, पण स्टेनलेसच्या बोल्टला स्टेनलेसचा आटा चढवताना कोरडा आवळू नका, जाम होतो आणि मग मुंडकं तुटून हातात येतं. अँटी-सीझ लावा. लेझरसाठी ड्रॉइंग डीएक्सएफ फाइलमध्ये लागेल. कागदावरचं माप इथे टाका, रविवारी बसून फाइल करून देतो.

---

ड्रमवाला: टाकतो. हबची जाडी तेवढी परत मोजावी लागेल, तिथे जुना धातू इतका खाल्लाय की व्हर्नियर दर वेळी वेगळं दाखवतो.

---

लेथवाले_काका: खाल्लेल्या जागी मोजू नका. पुली बसते तिथपासून पुढच्या बेअरिंगच्या खांद्यापर्यंत शाफ्टवर मोजा, ते टबच्या मापाशी ताडून बघा आणि उरलेलं हबला द्या.