एएसी ब्लॉक असताना लाल वीट वापरायचीच कशाला?

ओळंबा:
घर बांधायचं म्हटलं की अजूनही लोक लाल विटेवर अडून बसतात आणि मला ते खरंच पटत नाही. एएसी ब्लॉक, म्हणजे आत हवेचे बुडबुडे असलेल्या हलक्या काँक्रीटचा ठोकळा, घनमीटरला साधारण ६०० किलो भरतो, वीट १८०० च्या आसपास, म्हणजे भिंतींचं वजन तिसऱ्या हिश्श्यावर येतं, मग बीम, कॉलम, पाया सगळ्यांवरचा भार कमी आणि लोखंड वाचतं. खरी बचत तिथे आहे. शिवाय उष्णता आत येते ती विटेच्या जेमतेम पाव, कारण आत सगळे हवेचे बारीक बुडबुडे. मिश्रणात अ‍ॅल्युमिनियमची पूड घालतात, त्यातून हायड्रोजन सुटतो आणि ते फुगतं, मग वाफेच्या दाबाखाली १८०-२०० अंशांना शिजवतात. विटेच्या भट्टीला १००० अंशांच्या आसपास तापावं लागतं. आणि हे काल आलेलं साहित्य नाही, १९२० च्या दशकात स्वीडनमध्ये शोधलंय.

उंबरठा:
पूर्ण असहमत. आमच्या घराला याच ब्लॉकच्या भिंती आहेत. पहिल्याच वर्षी कॉलम आणि भिंतीच्या सांध्यात वरपासून खालपर्यंत सरळ चीर गेली, नख आत जातं एवढी. बाथरूमच्या मागच्या भिंतीला ओल, हात फिरवला की रंगाचे पापुद्रे बोटांना चिकटतात. आईने देवघराची फळी ठोकून घेतली होती ती खिळ्यांसकट खाली आली. थंडावा वगैरे ठीक आहे हो, पण आयुष्यभराची पुंजी घातलेल्या घरात चिरा बघत बसायचं हे फार लागतं मनाला.

ओळंबा:
वाईट वाटलं वाचून. दोन ब्लॉकमधले मालाचे सांधे, म्हणजे दर्जा, किती जाड होत्या? आणि ब्लॉक विटांसारखे पाण्यात भिजवले होते का?

उंबरठा:
भिजवले होते, आणि साधा वाळू-सिमेंटचा माल, बोटभर जाड.

ओळंबा:
मग तिथेच घोळ झाला. ओला ब्लॉक भिंतीत सुकतो, सुकताना आकसतो आणि चीर पडते. वरून फक्त पाणी शिंपडायचं, जोडायला तयार ब्लॉक मॉर्टर आणि दर्ज ३ मिमीच्या आसपास. कॉलमच्या सांध्यावर जाळी मारूनच गिलावा. फळीला साधा खिळा नाही, ब्लॉकसाठीचे वेगळे फास्टनर मिळतात.

उंबरठा:
अहो पण माझा मुद्दा तोच आहे! हे सगळं गवंड्याला कोणी सांगितलं? त्याचा हात विटेवर बसलेला. वीट गवंड्याच्या शंभर चुका पोटात घालते, हा ब्लॉक एकही घालत नाही. ज्यांना इंजिनिअर ठेवणं परवडत नाही त्यांना हे स्वस्त कसं म्हणायचं?

कडीपाट:
उंबरठा यांच्याशी सहमत, आणि ओळंबा, तुमचा लोखंड वाचण्याचा हिशोब बहुमजली फ्रेमला, म्हणजे कॉलम-बीमच्या सांगाड्याला, लागू आहे. बैठ्या घराला, जिथे भिंतींवरच स्लॅब टेकतो, तिथे कॉलमच नाहीत तर वाचणार काय? दुसरं म्हणजे तुम्ही दोघंही भिंतीवरून भांडताय आणि बैठ्या घरात उन्हाचा मुख्य मार छपरावर असतो. उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री तीच धग आत सोडतो, भिंती कितीही उष्णतारोधक असोत, उलट तेव्हा त्या आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. आधी गच्चीवर पांढरा परावर्तक थर किंवा पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी करा, खिडक्यांवर खोल छज्जे काढा. हे जवळपास कोणताही गवंडी करू शकतो.

आणि वीटच हवी तर रॅट ट्रॅप बॉण्ड बघा, स्वस्त घरांसाठी ओळखले जाणारे वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी आयुष्यभर वापरला. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावायच्या, मधे पोकळी राहते. साधारण २५ टक्के विटा वाचतात, मालही कमी लागतो आणि पोकळीतली हवा ऊन अडवते.

ओळंबा:
बैठ्या घराचा मुद्दा मान्य, मी सरसकट लिहायला नको होतं. तीन-चार मजल्यांच्या फ्रेमला मात्र मी ब्लॉकच सांगेन, आणि गवंड्याला पहिल्या दिवशी स्वतः उभं राहून एक थर लावून घ्यायला सांगेन.

उंबरठा, आधी ओल बंद करा, कारण भिजलेल्या ब्लॉकचा थंडावाही जातो. भिंत पूर्ण सुकली की चीर उकरून लवचिक फिलर भरा, दोन्ही बाजूंना वीतभर गिलावा काढून जाळी मारा आणि मग पुन्हा गिलावा. नुसती पुट्टी भरू नका, पुढच्या उन्हाळ्यात तिथेच उघडेल.

उंबरठा:
ओल कुठून येते ते कसं शोधायचं? नळ बंद ठेवले तरी डाग वाढतोय.

कडीपाट:
नळ बंद ठेवूनही वाढतोय म्हणजे बहुधा नळाची लाइन गळतेय. मुख्य व्हॉल्व्ह दोन दिवस बंद ठेवा, डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून ठेवा. रेघेच्या आत राहिला तर पाइप, तरीही पुढे गेला तर पाणी बाहेरून किंवा वरून येतंय.