हापूस, केसर, रत्ना: वयानुसार उत्पन्नाची तुलना कशी करायची?

कातळावरचा:
एकाच वर्षी 10 × 10 मीटरवर लावलेली तिन्ही जातींची कलमं आता 14 वर्षांची आहेत. सुरुवातीला केसर आणि रत्ना पुढे होते. आता हापूस एखाद्या वर्षी दोघांना मागे टाकतो आणि पुढल्या वर्षी नुसती पालवी. नवीन लागवडीसाठी जात ठरवायची आहे. झाडामागे किलो धरावेत का? आणि कल्टारने (झाडाची वाढ रोखून मोहर आणणारं औषध) हापूसचं हे वर्षाआड प्रकरण थांबतं का?

पेटीमागे_पेटी:
हापूसचा एका हंगामाचा आकडा धरूच नका. लागोपाठच्या दोन वर्षांची सरासरी काढा, अशा दोन-तीन जोड्या झाल्या की मगच बोला. किती हेलकावा आहे तेही मोजता येतं: दोन वर्षांतला फरक भागिले बेरीज. समजा 90 आणि 30 किलो आले, तर 60 भागिले 120, म्हणजे 0.5. हा आकडा शून्याजवळ असेल तर झाड दरवर्षी धरतं, 1 च्या जवळ असेल तर पक्कं वर्षाआड.

झाडामागे किलो धरण्यात आणखी एक फसगत आहे. 8 मीटर घेराच्या (घेर म्हणजे इथे फांद्यांच्या पसाऱ्याचा व्यास) झाडाखाली साधारण 50 चौरस मीटर जागा जाते, 6 मीटरवाल्याखाली 28. पहिल्याने 80 किलो दिले म्हणजे चौरस मीटरला 1.6 आणि दुसऱ्याने 56 दिले तरी 2. म्हणजे आकाराने लहान असलेलं झाडच खरं पुढे, आणि ते जवळ लावताही येतं. वय वाढेल तसा हा फरक जास्त दिसतो, कारण फळं बाहेरच्या, उन्हातल्या फांद्यांवर लागतात आणि आतला भाग नुसती सावली खातो.

मोहर_आणि_तुडतुडे:
रत्ना ही नीलम आणि हापूसचा संकर, वेंगुर्ल्याची, 1981 ची. दरवर्षी धरण्याचा गुण नीलमकडून आला, शिवाय साका (फळाच्या आतला गर खराब होणं) नाही. हापूसचं दुखणं असं की ज्या काडीने फळ दिलं तिला पालवी उशिरा येते, आणि थंडीपर्यंत ती काडी पक्व होत नाही. मग मोहर कुठून येणार?

तरी हापूस काढून टाकू नका, भाव त्यालाच आहे. फक्त नुसताच हापूस लावू नका. स्वतःच्या परागाने तो नीट धरत नाही, म्हणून बागेत निदान 10 टक्के झाडं केसर, रत्ना किंवा सिंधूची हवीत. तुमच्याकडे ती आहेतच, त्यामुळे तुमचे हापूसचे आकडे एकजातीच्या बागेपेक्षा बरे दिसणार, हेही तुलनेत लक्षात ठेवा.

खतमात्रा:
कल्टारने बराच फरक पडतो, पण नीट दिलं तर. मात्रा घेराच्या दर मीटरला 3 मिली, म्हणजे 6 मीटरला 18 मिली, 3 ते 6 लिटर पाण्यात. खोड आणि घेराची कड यांच्या मध्यावर गोलाकार 25-30 भोकं, 10-15 सेंटीमीटर खोल, प्रत्येकात सारखं द्रावण. वेळ 15 जुलै ते 15 ऑगस्ट. धो धो पावसात टाकलं की वाहून जातं, आणि नेमकी हीच चूक सर्रास होते.

10 वर्षांखालच्या किंवा अशक्त झाडाला देऊ नका. मात्रा वाढली तर मोहर आखडून गुच्छ होतो, त्यात तुडतुडे (रस शोषणारी कीड) आणि भुरी (बुरशीचा रोग) लपतात. खताचा हात आखडला तर झाड दोन-तीन वर्षांत खंगतं. 10 वर्षांवरच्या झाडाला 50 किलो शेणखत, दीड किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद, एक किलो पालाश, म्हणजे अंदाजे सव्वातीन किलो युरिया, तीन किलो सिंगल सुपर आणि दोन किलो सल्फेट ऑफ पोटॅश.

कातळावरचा:
आणि पस्तिशीच्या पुढची जुनी झाडं? ती तुलनेत धरू का?

मोहर_आणि_तुडतुडे:
नको, वेगळी ठेवा. तिथे जातीपेक्षा दाटी आणि बांडगूळ जास्त बोलतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मधली उभी फांदी काढून झाड उघडा, कापावर बोर्डो मलम लावा, फुटव्यांची विरळणी करा. भिरूड (खोड पोखरणारी कीड) कापलेल्या झाडावर हमखास येतो, खोडापाशी भुसा दिसतोय का ते बघत राहा. दोन-तीन वर्षं फळ धरू नका, त्यानंतरचे आकडे लिहा.